घरच्या यादीतलं नाव

चिरंजीव थोरल्यास आईचे आशीर्वाद.

तू पत्र वाचून उशाखाली ठेवतोस आणि विसरतोस, म्हणून हे सूनबाईंनी आपल्याजवळ ठेवावं. मी सांगते आहे, नात लिहिते आहे.

तुझ्या बहिणीकडे येऊन तीन महिने झाले, दवाखाना चालू आहे. पायांची सूज उतरली. तुझा गुडघा कसा आहे?

इथे पुढच्या महिन्यात नगरपालिकेचं मतदान आहे. मला मत देता यावं म्हणून काल तुझी बहीण नाव नोंदवायला घेऊन गेली. कारकुनाने अर्ज भरला. मी विचारलं, "घरच्या मतदार यादीतल्या नावाचं काय?"

"ते कापलं जाईल, आजी. आता हाच कायमचा पत्ता."

मी लेकीकडे बघितलं. ती शाईच्या डबीकडे बघत राहिली. डॉक्टर तीन महिने जे सांगत नव्हते, ते कारकुनाने सांगून टाकलं.

मी अंगठा उठवला. "बरी झालीस की घरी पोचवते" असं पोरीला आणखी किती खोटं बोलायला लावायचं? इथे कोणाला मत द्यावं ते ठाऊक नाही. तिकडे निदान कोणाला द्यायचं नाही, ते पक्कं होतं.

नातीचं अक्षर इथे बिघडलं असेल, तर तिला हसू नकोस.

परसातली लिंबं पिकली असतील. या खेपेला माझ्या वाटची मागे ठेवू नकोस, सगळी इकडेच पाठव.