दमाची जागा

आई, मला तुझा राग आहे. हे आधी लिहून टाकते, नाहीतर सवयीप्रमाणे मी आधी तुझे गुण लिहीन, मग माझ्या चुका, आणि रागापर्यंत येता येता कागद संपेल. तुला जाऊन बारा वर्षं झाली. बाबा आणि मी अजून जवाहर नगरच्या त्याच घरात राहतो. स्वयंपाकघरातल्या ज्या खिळ्यावर तुझं कॅलेंडर असायचं, तिथे मी दुसरं काही लावू दिलेलं नाही. त्यावर तू खाडे लिहायचीस. दूधवाले भैया आले नाहीत तर ‘दू’, आणि त्याच चौकोनात खाली, माझा रियाज चुकला तर ‘मु’. मु म्हणजे मुलगी. वर्षभरात भैयांचे खाडे माझ्यापेक्षा जास्त भरायचे, आणि ते तू पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचीस. कांजिण्यांच्या आठवड्यातही ‘मु’ नाही. ते कौतुक माझं नव्हतं, तुझं होतं.

मी सात वर्षांची आहे, तू पोळ्या लाटते आहेस आणि लाटण्याने पोळपाटाच्या कडेवर ताल देत मला कथकची तिहाई शिकवते आहेस. एकच तुकडा तीनदा, तिसरा बरोबर समेवर. दोन तुकड्यांच्या मध्ये क्षणभर थांबायचं असतं आणि त्या थांबण्याला दम म्हणतात, हे मला कोणी सांगितलेलं नाही. तू म्हणतेस, "इथे दम दे." मला दम देणं एकच माहीत होतं, तू मला द्यायचीस ते. मी पाय आपटला, कमरेवर हात ठेवला आणि बोट रोखून समोरच्या फ्रिजला दम दिला. बाबा बाहेरच्या खोलीत मोठ्यांदा हसले. तू हसली नाहीस. "हिला थांबायचं कळत नाही," म्हणालीस, "हिला बेदमच शिकवते." मध्ये न थांबता केलेल्या तिहाईला बेदम म्हणतात, आणि मराठीत बेदम काय करतात तेही तुला ठाऊक होतं. थांबणं समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. फार तर एक पोळी करपली असती.

पुढे त्याच बेदम तिहायांवर टाळ्या मिळाल्या. तू साताऱ्याहून बाबांच्या बदलीबरोबर इथे हिंदी मुलखात आलीस, लग्नानंतर घुंगरू बांधलेस, क्लासमधल्या मुली तुला ‘मराठन भाभी’ म्हणून हसल्या आणि त्यांच्यापुढे तू एक दिवस चुकवला नाहीस, हे सगळं मला माहीत आहे. बारा वर्षं मी ते समजून घेते आहे. आता समजून घ्यायचाही कंटाळा आला.

कारण शेवटचा दिवस मला समजून घेता येत नाही. तुला सलाईन लावलेली होती, संध्याकाळी माझा कार्यक्रम होता, आणि मी म्हणाले की फोन करून सांगते, आई आजारी आहे, येत नाही. तू डोळेसुद्धा नीट उघडले नाहीस. "माझ्या उशाशी बसून काय करणार आहेस? जा. खाडा नको." मी गेले. विंगेत कोणी विचारलं, सब ठीक? मी म्हटलं, जी. परत आले तेव्हा तुझ्या कॉटवरची चादर बदललेली होती.

गेल्या महिन्यात मुरलीपुऱ्यातल्या एका कार्यक्रमात तिहाईच्या मध्येच मला पुढचा बोल आठवेना. पाय चालूच राहिले. कोणाला कळलं नाही. आत येऊन मी ओकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं ठीक आहेत, तुम्ही थकला आहात, दीड महिना नाचू नका, शिकवू नका. पुढच्या आठवड्यात मोठा कार्यक्रम ठरलेला. आयोजकांना फोन लावायचा म्हणून मी वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं, ‘मैं थक गई हूँ’. ते तोंडातून निघेना. त्याऐवजी मी म्हणाले, "मम्मी की तबीयत ठीक नहीं है।"

बाबा दारात उभे होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "कोणाची तबीयत?" मी वाक्याचा कागद उलटा ठेवला. ते म्हणाले, "मतलब, बाबा आजारी आहेत म्हणायचं होतंस. मी निदान आहे तरी." आणि चहा ठेवायला गेले.

मी कधी खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे, तेही तुझंच शिकवणं. पण हे वाक्य मी जुळवलं नव्हतं. ते बारा वर्षांपूर्वीचं होतं, तू मला बोलू न दिलेलं. तेव्हा ते खरं होतं.

आयोजक भले आहेत. त्यांनी लगेच म्हटलं, "माताजी से कहिए, आराम करें।" मी म्हटलं, "जी, कहूँगी।" निदान तेवढं तरी खोटं होऊ नये म्हणून हे लिहिलं. आराम कर, आई. मी हे प्रेमाने म्हणत नाही.

कागद घडी करून घुंगरांच्या डब्यात ठेवते. तो डबा दीड महिना उघडायचा नाही. आज पहिला दिवस. सकाळी रिकाम्या खिळ्याकडे पाहून मी मनातल्या मनात ‘मु’ लिहिलं.