रिकामी नळी

ता. १४, बुधवार, दुपार

प्रिय शंकी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन सतरा दिवस झाले. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या वहिनीच्या गुडघ्याची कुरकुर चालूच आहे, माझ्या पत्राची चौकशीही. “बहिणीला चार ओळी लिहायला सतरा दिवस?” म्हणते. “माझ्याशी लग्न ठरवायलासुद्धा एवढे लागले नव्हते तुम्हाला!”

प्रयोगशाळेच्या काचघरात बसून लिहितो आहे. जेवणानंतर सगळे पांगलेत. काचांवर वाफ धरली आहे, त्यामुळे बाहेरचं झाड नुसता हिरवा डाग दिसतं. पंप चालू आहे. नळ्यांतून पाणी वाहतं तो आवाज ऐकता ऐकता माझी हल्ली बसल्या बसल्या डुलकी लागते. परवा अशाच डुलकीत बाबा दिसले. डोळ्याला भिंग लावून एक घड्याळ उघडत होते, आणि आत चाकांऐवजी पांढरी मुळं होती. अगदी सावकाश वळत होती. मी विचारलं, “बाबा, बरोबर चालतंय ना?” त्यांनी मान वर केली नाही. “कशावरून?” एवढंच म्हणाले.

दुकानात गिऱ्हाइकांनाही ते असंच पिडायचे, आठवतं? माझं घड्याळ बरोबर आहे म्हणालं कोणी, की कशावरून? भिंतीवरच्या घड्याळावरून. आणि ते कशावरून? आणि घरी आल्यावर ते तीन पायांचं स्टूल. कोणी काही ठासून बोललं की त्याने उभं राहायचं. समोरच्याने स्टुलावर बसून फक्त प्रश्न विचारायचे, स्वतःचं मत सांगायचं नाही. बसलेला आपणहून उठला, की तुमचं म्हणणं टिकलं. तू चिकट. चंद्र आपल्या मागे मागे येतो, एवढं म्हणालो म्हणून मला दूध गार होईपर्यंत उभं केलं होतंस. ‘माहीत नाही’ म्हणायला मात्र परवानगी होती. खोटं बोललेलं तेवढं बाबांना चालत नसे.

तेच स्टूल मी इथे आणलं. अजून पहिल्या टेबलाशी आहे. इथला कुठलाही निष्कर्ष बाहेर पाठवण्याआधी कोणीतरी त्यावर बसतं. नवी मुलं हसतात, मग स्वतः उभं राहायची पाळी आली की घाम पुसतात.

बरं. तू विचारलं आहेस ते सोपं आहे. तुझ्या वर्गाला माझा प्रयोग करून दाखवायचाय. मातीची काचपेटी, मधोमध वाटाणा, एका बाजूला वाहत्या पाण्याची बंद नळी. थेंबही बाहेर येत नाही, तरी मूळ नळीकडे वळतं. ‘मुळांना पाणी ऐकू येतं’ हे तू अकरा वर्षं मुलांना सांगत आलीस. आता तू लिहितेस, “दादा, त्या रिकाम्या नळीची मांडणी कशी केली होतीस, तेवढं नीट कळव.”

मी तीनदा लिहायला बसलो. पहिल्यांदा स्पीकरचं माप लिहिलं. दुसऱ्यांदा पेटीचं चित्र काढलं, चांगलं आलं होतं. दोन्ही कागद फाडले.

या प्रयोगावरचा निबंध मी वाचला, तो दिवस मला कालच्यासारखा दिसतो. सभागृह भरलेलं, बाबा पहिल्या रांगेत, नवा शर्ट घालून. तू स्टुलावर. तू विचारलंस, “पाणी वाहतं तेव्हा नळी गारही पडते. मूळ आवाजाकडे वळलं की गारव्याकडे? नळी रिकामी ठेवून नुसता आवाज लावून पाहिलास?” मी म्हणालो, “पाहिला. मूळ तरीही वळलं.”

मागून एकाने विचारलं, त्याच्या नोंदी कुठे आहेत. मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, “दादा म्हणतोय म्हणजे केलं असणार.” आणि उठलीस.

शंकी, मी ते केलंच नव्हतं. सुचलंही नव्हतं. तू विचारलंस त्या क्षणी सुचलं, आणि तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की माझ्या तोंडून ‘माहीत नाही’ निघेना. आयुष्यभर प्रत्येकाला कशावरून विचारणारी तू, माझ्यापाशी एकदाच विचारायची थांबलीस. मी त्याच जागी तुला फसवलं. मला फार लाज वाटते. सणावाराला, तुझ्या घरभरणीला, कामाचं निमित्त काढून मी अकरा वर्षं तुझ्याकडे यायचं टाळलं ते यामुळेच. तुला वाटलं दादा मोठा झाला.

बाबांना बहुतेक कळलं होतं. परत जाताना जिन्यात म्हणाले, “ती रिकामी नळी मलाही दाखव एकदा.” पुन्हा कधी विचारलं नाही. ते गेले तेव्हा मला आधी रडू आलं आणि मग सुटल्यासारखं वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही.

या सतरा दिवसांत मी तो प्रयोग केला. चाळीस पेट्यांत नळी रिकामी, नुसता आवाज. रोज सकाळी काचेला नाक लावून बसायचो. मुळं सरळ खाली गेली, एकानेही नळीकडे पाहिलं नाही. दुसऱ्या चाळीस पेट्यांत नळीत थंड पाणी, पण न वाहणारं. आवाज अजिबात नाही. चौतीस मुळं तिकडे वळली. मुळांना ऐकू येत नाही असं मी म्हणत नाही. येतं असं म्हणायला माझ्याकडे काहीही नाही, एवढंच. पण किती सुंदर वळली होती गं ती, त्या शांततेत! अकरा वर्षांत पहिल्यांदा मी ती नीट पाहिली.

निबंध मागे घेतो, असं तो छापणाऱ्या विज्ञानपत्रिकेला लिहिलं आहे. ते पाकीट उद्या जाईल, हे आज. वर्गाला काय सांगायचं ते तू ठरव. माझ्याबद्दल सांगितलंस तरी चालेल.

स्टूल पार्सलने पाठवतो आहे. एक पाय खोबणीत थोडा सैल झालाय, तिथे कागदाची घडी घाल. मुलांना त्यावर बसव, पण आधी तू बस. माझं आजचं म्हणणंही तपास. नोंदवह्या सोबत आहेत, एकूण एक पान. आणि या वेळी दादा म्हणतोय म्हणून उठू नकोस.

तू उठेपर्यंत उभा असलेला,

तुझा दादा