आत मीच हाय

प्रिय प्रीती,

पाकीट फोडलंस, एवढ्यानंच बरं वाटलं. फोनवर तू मला बंद केलंयस, आणि तुझ्या क्लासच्या दारात येऊन उभं राहायचं नाही एवढी अक्कल मलाही आहे, म्हणून हे कागदावर. बातमी आधी सांगून टाकतो, नाहीतर मी कुठल्या कुठं भरकटेन, तुला माहीतच आहे. मेढ्याच्या वरची आपली गुहा बुजवायचं घाटतंय. दगड येऊन पडलेत, सिमेंटची पोती ग्रामपंचायतीच्या खोलीत आहेत. त्या धुरानंतर उरलेली थोडी वटवाघळं परत आलीत गं, आणि त्यांच्या पोटात पिल्लं आहेत. तोंड बुजवलं तर सगळी आतच संपतील. 'ती सांगलीची पोरगी येऊन आमच्या तोंडावर सांगू दे, मग बघू' एवढ्यावर सरपंच बाळासो थांबलेत. त्यांनी फोन केला तेव्हा तू नाही म्हणालीस. तरी लिहितोय.

माझं म्हणशील तर कुपवाडला एका वर्कशॉपात होतो. त्याआधी हुबळीकडं एका ढाब्यावर, त्याच्याही आधी गोव्याच्या ट्रकवर क्लीनर. अब्बा म्हणतात, 'अल्लाहनं तुला पायांऐवजी चाकं लावून पाठवलंय.' मिरजेत असलो की त्यांच्या दुकानात बसतो थोडा वेळ. मागं एक गिऱ्हाईक आलं, सतार बघायला. अब्बांनी त्याला लाकूड, भोपळा काही सांगितलं नाही. 'पहिल्यांदा छेडा' म्हणाले. त्यानं तार छेडली, आणि मग आपणच विचारायला लागला, हा भोपळा कुठला, हे लाकूड कुठलं, वाळवता किती. मला तिथं बसल्या बसल्या तूच आठवलीस. माझ्याशी तू अगदी असंच केलं होतंस.

तुझं वटवाघळांवरचं संशोधन नुकतं सुरू झालं होतं. जाळी उचलायला, गाडी चालवायला कुणीतरी पाहिजे होतं, आणि मिळालो कोण, तर नववीत शाळा सोडलेला मी. पहिल्या दिवशी गुहेच्या तोंडाशी मी नाक दाबून उभा. तू जीभ टाळूला लावून टक् टक् केलंस, बैलाला हाकतात तसं. म्हणालीस, ही अशीच जीभ वाजवतात, आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्यावरनं अंधारात त्यांना कळतं की भिंत कुठं आणि वाट कुठं. मग मला डोळे मिटायला लावलंस आणि जीभ वाजवत कातळाकडं चालवलंस. कपाळ आपटलं माझं. तू हसून हसून खाली बसलीस. नंतर उघड्या माळावर वाढलेलं उंबर दाखवलंस आणि म्हणालीस, हे कुणी लावलं सांग बघू? उंबर, जांभळं खाऊन ती उडता उडता बिया टाकतात, तिथं झाड उभं राहतं. त्या दिवसापासून मी मेढ्याच्या स्टँडवर चहावाल्यालासुद्धा धरून हेच सांगत सुटलो. तो म्हणायचा, 'आसिफ, चा पी आन् गप बस की जरा.'

आणि तीच तू शाळेच्या वर्गात गावासमोर उभी राहिलीस तेव्हा कोण जाणे कुणासारखी बोलायला लागलीस. पडद्यावर आलेख, 'विषाणूंचे नैसर्गिक आश्रयस्थान', 'परिसंस्था'. टीव्हीवर वटवाघळांच्या रोगाची बातमी येऊन गेली होती, म्हणून तर बाळासोंनी गाव गोळा केलेलं. त्यांचा प्रश्न एकच होता. 'म्याडम, आमच्या पोराबाळांना ह्यातनं काय व्हनार न्हाई न्हवं?' तू म्हणालीस, शक्यता अत्यंत कमी आहे, पण पूर्णपणे नाकारता येत नाही. मागून कुणीतरी ओरडलं, 'म्हंजी हाय!' सगळा वर्ग हसला, आणि ते हसू चांगलं नव्हतं. परत येताना गाडीवर मागं बसून तू रडत होतीस. शंभर टक्के नाही असं मी म्हणूच शकत नाही रे, ते खोटं होईल, म्हणत होतीस. खोटं बोलली नाहीस हे बरोबरच. पण त्यांना टक्के नको होते गं. काय केलं म्हणजे चालतं आणि काय केलं म्हणजे नाही, ते पाहिजे होतं. वटवाघळानं चोखून टाकलेलं फळ खाऊ नका, उगाच गुहेत शिरू नका, पडलेल्या पिल्लाला पोरांना हात लावू देऊ नका. हे सगळं तू चुलीपुढं बसून मला सांगितलं होतंस की, अगदी सरळ. तानुबाई भाकऱ्या थापता थापता ऐकत होत्या.

तानुबाईंचं नाव आलं की पेन अडतंय. आपण उतरायचो त्यांच्या घरी. तुझ्यासाठी कांदा-लसूण न घालता वेगळी आमटी करायच्या. 'माझी जैनाची लेक हाय ती, तू तिच्या पातेल्यात पळी घालू नगंस,' असं मला दटावायच्या आणि माझ्या ताटात ठेचा जास्त वाढायच्या. त्यांचे मालक करोनात गेले, ताप आला आणि गेले, एवढंच त्यांनी आपल्याला सांगितलं होतं. शाळेतल्या त्या सभेनंतर एका सकाळी त्या आपल्यासाठी चहाची किटली घेऊन स्वतः वर गुहेपर्यंत आल्या. तू नेमकी नमुने घेऊन बाहेर पडत होतीस, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सुटात, तोंडावर मास्क, डोळ्यांवर तो मोठा चष्मा. किटली त्यांच्या हातातनं सुटली. भाजलं का, विचारलं तर नुसती मान हलवून खाली निघून गेल्या. आपल्याला वाटलं, पाय घसरला. मग तू घरच्या पूजेला सांगलीला आलीस, मीच सोडलं तुला, आणि दोघं परत गेलो तर गुहेच्या तोंडाशी राख आणि जळक्या मिरच्यांचा ठसका. आत पिल्लं पडलेली. काही आया उडून गेल्याच नव्हत्या, पिल्लाला पंखात घेऊन तशाच पडल्या होत्या. तू एकेकीला उचलून बघत होतीस. हातमोजे घाल म्हटलं तर माझ्यावर खेकसलीस. मग खाली जाऊन बाळासोंना काय काय बोललीस! खुनी म्हणालीस. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं होतं.

आता नाही वाटत. मागच्या आठवड्यात तानुबाईंनी शेजारच्या फोनवरनं मला बोलावून घेतलं. अंगणात बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, 'धूर म्या घातला, आसिफ. बाळासोला ठावं हाय, पर त्यानं माझं नाव घेतलं न्हाई. मिरच्या माझ्याच घरच्या हुत्या.' मग त्यांनी मालकांचं सांगितलं. मेढ्याहून गाडी आली, पांढऱ्या कापडातली दोन माणसं उतरली, मालकांना उचलून साताऱ्याला नेलं आणि तिकडंच पेटवून दिलं. तोंड बघायला मिळालं नाही. 'तीच कापडं रं. तोंड न्हाई, डोळं न्हाईत. म्हटलं, आता पोरीलाबी न्हेत्यात. ह्या गुहेत जाऊन जाऊन हिलाबी धरलं. मग म्हटलं, ही गुहाच जाळावी.' मी म्हटलं, आवं, पण त्या कापडात प्रीतीच होती की! तर माझ्याकडं बघून म्हणाल्या, 'मग तिनं म्हनायचं न्हाई का, की बाई, भिऊ नगा, आत मीच हाय? तेवढं म्हनली असती तर.'

तुला वाचवायला धूर घातला होता, प्रीती. हे तुला कळल्याशिवाय राहू नये.

मी माझ्या परीनं बोलून बघितलं. पारावर जीभ वाजवून दाखवली, पोरं खुश झाली. वटवाघळाच्या आईलाही दूध येतं म्हटल्यावर बाया हळहळल्या. पण बाळासोंनी विचारलं, 'ते समदं खरं गड्या, पर पावसात त्येंची घाण आमच्या झऱ्यात उतरती, त्येचं काय?' आणि मी उघडा पडलो. मला गोष्ट सांगता येते, उत्तर देता येत नाही. थाप मारली असती तर खपलीही असती, पण तुझ्याबरोबर राहून ती सवय गेली. उत्तर तुझ्याकडं आहे. नसलं तर माहीत नाही म्हण, पाणी तपासून सांगते म्हण, ते ऐकून घेतील. सूट घेऊन जा, पण घालून जाऊ नकोस. तानुबाईंच्या अंगणात सगळ्यांसमोर घाल, एकेक बाही, एकेक हातमोजा, आणि कशासाठी ते सांगत घाल. डॉक्टर ऑपरेशनला घालतो ते त्यांना कळतं, हेही कळेल. मला माणसांशी बोलता येत नाही, असं म्हणून तू सगळं सोडून क्लासमध्ये पोरांकडनं उत्तरं पाठ करून घेत बसलीयस. माझ्यासारख्याला तू शिकवलंस, आणि तुला बोलता येत नाही?

राहता राहिलं ते, जे मी एवढी पानं टाळतोय. तू नकार दिलास तो गावावरच्या रागानं नाही. बाळासोंनी मला सांगितलं, की फोनवर तू जरा विचार करते म्हणाली होतीस, आणि 'आसिफ येईल की तुमास्नी न्ह्यायला' असं ते म्हणाल्याबरोबर नाही म्हणून फोन ठेवलास. कृष्णेच्या घाटावर तुझ्या वडिलांनी, भूपालकाकांनी, आपल्याला एकत्र पाहिलं तेव्हा ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी मला नाव विचारलं, अब्बांची चौकशी केली, आणि घरी जाऊन जेवणाचं ताट बाजूला सारून उपाशी बसले. तेव्हा तू त्यांना शब्द दिलास, जिथं आसिफ असेल तिथं मी जाणार नाही. तो शब्द मोड असं मी म्हणणार नाही, कधीच म्हणालो नाही. म्हणून वर्कशॉप सोडलं. मिरजेच्या स्टेशनवर बसून हे लिहितोय, दुपारच्या गाडीनं निघतोय, सोलापूरच्याही पुढं, आणि या बाजूला पुन्हा यायचं नाही असं ठरवलंय. तानुबाईंना तसं सांगितलं. त्यांनी पाठीवरनं हात फिरवला. आता साताऱ्यात, मेढ्यात, त्या गुहेच्या वाटेवर कुठंही मी नाही. काकांच्या डोळ्याला डोळा भिडवून सांग त्यांना. आणि जा.

आता तिथं नसलेला, तरी तुझाच
आसिफ