तीसपैकी बावीस

७ जानेवारी
निर्णय झाला. हे वर्ष पदवीचं.

दुपारी जेवताना सासऱ्यांनीच विषय काढला. म्हणाले, "जावईबापू, मला पंचाहत्तरावं लागलं. डॉक्टर म्हणतो, आता पुरे. पण मी कर सल्लागाराची सनद परत केली की ऑफिस परक्याच्या हाती जाणार. डिसेंबरच्या आत तुमची पदवी झाली, तर तुम्हाला माझ्या हाताखाली उमेदवार म्हणून नोंदवतो आणि दीड वर्ष कसाबसा खुर्ची धरून बसतो. मग तुमची सरकारी परीक्षा, तुमची सनद, तुमचं ऑफिस. आम्ही दोघं कियोज्जाला समुद्रावर जातो." डोळ्यांत पाणी होतं. मोहरीच्या मुरंब्याने आलं असेल.

पदवीला राहिलाय काय, तर एक पेपर. स्टॅटिस्टिक्स. एकोणीस विषय मी केव्हाच पार केलेत. विसावा लग्नाच्या गडबडीत राहिला, त्याला आता सतरा वर्षं झाली. मागची सगळी फी भरून पादोव्हाच्या युनिव्हर्सिटीत नाव पुन्हा चालू केलं आहे. वय बेचाळीस, म्हणजे बुद्धी पिकण्याचं वय. कोपऱ्यावरचा बारवाला जिनो तर मला आत्ताच 'दोत्तोरे', म्हणजे पदवीधर साहेब, म्हणतो. पदवी नसतानाही लोकांना कळतंच.

१५ जानेवारी
पहाटे पाचला उठून अभ्यास करायचं ठरलं होतं. उठलो. बाहेर इतकं धुकं की समोरचं चर्च दिसेना. अशा हवेत डोकं चालत नाही, हे शास्त्रीय आहे. सोमवारपासून.

२ फेब्रुवारी
टेबललॅम्प आणला. चार रंगांचे हायलायटर आणले. पदवीच्या शेवटी एक छोटा प्रबंध द्यावा लागतो, त्याचं अर्पणपत्र लिहून टाकलं. निवेसला, सासू-सासऱ्यांना, आणि रोविगो गावाला. निवेसने वाचून विचारलं, "छान आहे. प्रबंधाचा विषय काय?" बायकोला टप्प्याटप्प्याने काम करणं समजत नाही.

१४ फेब्रुवारी
हिवाळी परीक्षेला बसलो नाही. घाईने बसून कसाबसा पास होण्यापेक्षा जूनमध्ये दणक्यात बसणं चांगलं. सासऱ्यांना सांगितलं. "जून," ते म्हणाले आणि कॅलेंडरवर पेन्सिलने जून आणि डिसेंबर, दोन्हींवर गोल केले.

२८ एप्रिल
अभ्यास जोरात. तिसरं प्रकरण जवळजवळ सुरू केलं. सासऱ्यांनी माझ्याकडची अर्धी कामं स्वतःच्या टेबलावर ओढून घेतली. म्हणाले, "तुम्ही बसा वाचत. शेतकरी संघाचा रिटर्न मी बघतो." संध्याकाळी जिना चढताना दोनदा थांबले. मोबाइल बघत होते बहुतेक.

१७ जून
उद्या तोंडी परीक्षा. निवेसने प्रश्न विचारून तयारी करून घेतली. ती बँकेत काउंटरवर असते, स्टॅटिस्टिक्स कधी शिकली नाही, तरी उत्तरं मला सांगत होती. पुस्तक तिच्या हातात होतं म्हणून.

१८ जून
ऐतिहासिक दिवस.

प्राध्यापक बेल्लोमोबाई माझ्यापेक्षा लहान. तीन प्रश्न विचारले. पहिला उत्तम, दुसरा बरा. तिसरा प्रश्न विचरणाचा, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचा; त्यात जरा गोल गोल फिरलो. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. बावीस देते. घेताय?"

पासला अठरा लागतात. म्हणजे मी पास! पण मनात लगेच हिशेब केला. माझी एकोणीस विषयांची सरासरी तेवीस पूर्णांक नऊ. बावीस घेतले तर ती तेवीस पूर्णांक आठवर घसरते. तीस मिळाले तर चोवीस पूर्णांक दोन! आपल्याकडे मार्क नाकारण्याचा हक्क विद्यार्थ्याला उगीच दिलेला नाही. मी सरळ बसलो आणि म्हणालो, "नाही बाई. मी सप्टेंबरला पुन्हा येईन."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "नक्की?" म्हणाल्या. मागे रांगेतली पोरंही बघत होती. अशी हिंमत त्यांनी पाहिली नसणार.

१८ जून, रात्रीचं जेवण
आनंदाची बातमी म्हणून सांगितली. निवेसच्या हातातून चमचा पडला. सासऱ्यांनी विचारलं, "बावीस की बारा?"

"बावीस."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"सरासरीसाठी," मी म्हणालो.

सासूबाई मक्याचा पोलेंटा वाढत राहिल्या, माझ्या ताटात जरा कमीच पडला. थोड्या वेळाने सासरे म्हणाले, "ऑफिसच्या पाटीवर कोणी मार्क लिहितं का हो?" मी त्यांना समजावलं की प्रश्न पाटीचा नाही, दर्जाचा आहे. त्यांनी मान हलवली. पटलं असावं.

१२ ऑगस्ट, कियोज्जा
पुस्तक रोज किनाऱ्यावर नेतो. पानांत वाळू गेली आहे, म्हणजे वापर होतोय. या वर्षी सासरे आले नाहीत. माझी कामं त्यांच्याकडे असल्यामुळे ते सुट्टीतही ऑफिस उघडं ठेवून बसलेत. सासूबाई एकट्याच खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसतात. काल मला म्हणाल्या, "त्यांचे पाय सुजतात रे संध्याकाळी. तुला सांगू नको म्हणालेत." मग सांगितलं कशाला? असल्या गोष्टींनी एकाग्रता मोडते.

दिवसभर वाचायचं म्हणून बसलो, पण त्यांच्या पायांचाच विचार येत राहिला.

१० सप्टेंबर
बाईंनी मला ओळखलं नाही. जूनमध्ये मी एवढा गाजलो, तरी.

पहिला प्रश्न विचरणाचा. तोच! जूनमध्ये निदान गोल गोल तरी फिरलो होतो. या वेळी तोंडच उघडेना. बाई पाच मिनिटं थांबल्या, पाण्याचा ग्लास पुढे केला. मग म्हणाल्या, "जानेवारीत या." यात नाकारण्यासारखंसुद्धा काही नव्हतं.

पादोव्हाच्या स्टेशनवर दोन गाड्या जाऊ दिल्या. घरी सांगितलं की प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे होते. निवेस म्हणाली, "कुठले?" मी म्हणालो, आठवत नाहीत. सासऱ्यांनी कॅलेंडरवरचा डिसेंबरचा गोल रबराने पुसला. तो नीट पुसला गेला नाही.

१४ सप्टेंबर
नवा प्लॅन. जानेवारीत परीक्षा, मार्चमध्ये पदवी. सासऱ्यांनी सनद फक्त तीन महिने जास्त ठेवायची. विचारलं तर म्हणाले, "ठेवतो की. अजून काय करायचंय मला?" बघा, माणूस मनापासून काम करतो तेव्हा सगळे साथ देतात.

२९ ऑक्टोबर
सासरे ऑफिसात पडले. पेन हातात होतं.

हृदयाचं. रोविगोच्या हॉस्पिटलात आहेत. डॉक्टर म्हणाले, वाचलेत, पण काम बंद, कायमचं. निवेस कॉरिडॉरमध्ये माझ्याकडे पाठ करून उभी होती. ऑफिसात त्यांच्या टेबलावर शेतकरी संघाची फाइल उघडी होती, माझ्या कामांपैकीच. रिटर्न मीच पुरा केला. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

५ नोव्हेंबर
बरे आहेत. मी स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक घेऊन खाटेजवळ बसतो. आज त्यांनी माझ्या हातून पुस्तक काढून घेतलं, चष्मा लावला आणि परीक्षा घ्यायला लागले. नाकात नळी, आणि विचारतात, "बोल, विचरण म्हणजे काय?" मी सांगितलं. चुकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. चौथ्यांदा बरोबर आलं तेव्हा पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.

मग पुस्तक मिटून म्हणाले, "इव्हानो, मला एवढंच सांग. का नाकारलेस रे?" मी पुन्हा सरासरी समजावली. ते छताकडे बघत ऐकत राहिले. म्हणाले, "मला पदवीला किती होते माहितीय? एकशे दहापैकी सहासष्ट. एक जरी कमी पडला असता तर नापास. त्याच दिवशी घेतले आणि पळालो. सेहेचाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकानं विचारलं नाही."

औषधांचा परिणाम असावा. ते चेष्टा करत होते. पण घरी येताना वाटभर तो सहासष्टचा आकडा डोक्यातून जाईना.

३१ डिसेंबर
सासऱ्यांनी सनद परत केली. ऑफिस आणि गिऱ्हाइकं आद्रिया गावच्या कर सल्लागार मारांगोनबाईंनी घेतली. सही करताना सासऱ्यांनी एकच अट घातली: इव्हानोला कामावरून काढायचं नाही. मला हे निवेसकडून कळलं. मी त्या वेळी वरच्या खोलीत अभ्यास करत होतो. म्हणजे पुस्तक उघडं होतं.

९ जानेवारी
मारांगोनबाई कामाला कडक आहेत. सासऱ्यांच्या खुर्चीत बसतात. आज मला आत बोलावून म्हणाल्या, "पदवी मार्चमध्ये होणार म्हणता. माझ्या हाताखाली उमेदवारी कराल? एकच जागा उरलीय." त्यांचा आवाज मोठा, बाहेरच्या मुलींनीसुद्धा ऐकलं.

पंधरा वर्षं ज्या ऑफिसात मालकाचा जावई म्हणून वावरलो, तिथे उमेदवार! म्हणालो, "विचार करून सांगतो." त्या म्हणाल्या, "मंगळवारपर्यंत सांगा." पहिल्याच बोलण्याला हो म्हटलं की माणसाची किंमत राहत नाही. निवेसला सांगितलं नाही. ती विचार करू देत नाही.

२४ जानेवारी
मिळाले. अठरा.

बेल्लोमोबाई म्हणाल्या, "अगदी काठावर आहात. अठरा दे..." त्यांचं वाक्य संपायच्या आत मी "घेतले!" म्हणून ओरडलो. बाई दचकल्या. मागची पोरं हसली. विचरण आलं होतं. नीट सांगितलं, जसं हॉस्पिटलात चौथ्यांदा सांगितलं होतं तसंच.

परतताना थेट सासऱ्यांकडे गेलो. खिडकीपाशी आरामखुर्चीत होते, पायांवर घोंगडी. खूप वाळलेत. निवेस आधीच आलेली, स्वयंपाकघरात आईला मदत करत होती.

सासऱ्यांनी विचारलं, "किती?"

"अठरा."

"घेतलेस?"

"घेतले."

त्यांनी पायांवरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "अठराच? नाकारायचे होतेस." आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, सासूबाई धावत आल्या, माझ्यावरच ओरडल्या. मीही हसलो. खूप दिवसांनी बरं वाटलं.

खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं, "आणि उमेदवारी? मारांगोनने विचारलंय तुला, मला ठाऊक आहे. मीच सांगितलं होतं तिला."

मला हे माहीत नव्हतं. म्हणालो, विचार करून सांगतो म्हणालोय.

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "फोन लाव. माझ्यासमोर लाव."

लावला. मारांगोनबाई म्हणाल्या, "अहो, मी मंगळवार म्हटलं होतं. त्यालाही आठवडा उलटला. लेंदिनाराची एक मुलगी सोमवारपासून येतेय. तीनपेक्षा जास्त उमेदवार ठेवता येत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. दीड वर्षानं बघू." मी म्हणालो, "हो बाई. बरं बाई." फोन ठेवला.

"काय म्हणाली?" सासऱ्यांनी विचारलं. आजारपणापासून त्यांना फोनमधलं ऐकू येत नाही.

"हो म्हणाल्या."

"आणि तू?"

"मीही हो म्हणालो."

त्यांनी घोंगडीतून हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. हात गार होता. म्हणाले, "घेतलंस एकदाचं. आता मी कियोज्जाला जायला मोकळा." आणि सासूबाईंना सांगितलं, भूक लागलीय, सूप आणा.

सूप निवेसने आणलं. ती दारातच उभी होती. मारांगोनबाईंचा आवाज मोठा आहे, फोनमधून दारापर्यंत ऐकू जातो. तिने बाबांच्या मांडीवर नॅपकिन पसरला, वाटी दिली, आणि माझ्याकडे न बघता एक वाटी माझ्यासमोरही ठेवली.

परतताना गाडी निवेसने चालवली. उद्याचा प्लॅन अजून केलेला नाही.