ओळ न् ओळ माझी

३ फेब्रुवारी
दादाने पुन्हा सही नाकारली! पाणी तपासायची यंत्रं बनवणारी कंपनी आपण होऊन दारात आली. आमची ऑपरेटिंग सिस्टीम त्यांच्या नव्या यंत्रांत घालायची म्हणते. आणि हा म्हणतो, कंपनीला विकायची नाही, लोकांना फुकट वाटून टाकू. मोठा दानशूर लागून गेलाय! सिस्टीम दोघांच्या नावावर, त्यामुळे लायसन द्यायचं तर दोघांची सही हवी. कारण विचारलं तर एकच पालुपद — विकू नको.

५ फेब्रुवारी
आणखी एक गिऱ्हाईक गेलं. तो छापखानेवाला — त्याचे म्हातारे कॉम्प्युटर आमच्या सिस्टीमवरच तग धरून होते. लिहितो, ‘तुमचं बहीण-भावाचं मिटलं की कळवा.’ खवचट मेला!
पण खोटं काय आहे त्यात? नव्या कॉम्प्युटरबरोबर मोठ्या कंपन्यांची सिस्टीम फुकटच येते. आमची हवी असते ती जुनी, मंद मशीन सांभाळणाऱ्यांना, आणि ती मशीन एकेक करून भंगारात चाललीत. छोट्या यंत्रांत शिरली तरच जगेल. नाहीतर थोड्या वर्षांत ही सिस्टीम वापरणारी मी एकटीच उरेन.

९ फेब्रुवारी
आई माझ्याकडे राहायला आल्यापासून रोज तोच विषय. आज म्हणाली, अर्धी त्याला दे, अर्धी तू ठेव. म्हटलं, अगं, स्वेटर उसवून वाटल्यासारखं होईल ते. तर म्हणे, लोकर तरी राहील ना दोघांकडे! हसले. मग अंथरुणात पडून रडले.

१२ फेब्रुवारी
आता प्रकरण लवादाकडे. माझ्या वकीलबाईंनी विचारलं, काम कसं करायचात? सांगितलं — कॉम्प्युटर एकच, माझा. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून चुका काढायच्या. लॉगिन कायम माझंच उघडं. बदलायचा कंटाळा दोघांनाही. म्हणजे मशीनमध्ये प्रत्येक ओळ माझ्याच नावावर! बाईंचे डोळे लकाकले. म्हणाल्या, सगळीच मागा, ते घाबरून तडजोडीला येतील.
मी सांगितलं, डिस्कचा भाग दादाचा आहे. माहिती साठवण्याचा तो भाग मला काही केल्या जमत नव्हता, आणि हा एके दिवशी घरून तयारच घेऊन आला. मी फक्त आत चढवला.
‘तुमच्या नावाने चढवलात ना? मग झालं तर.’


१३ फेब्रुवारी
केली सही. ओळ न् ओळ माझी, असं प्रतिज्ञापत्र. घरी येऊन आईवर उगाच खेकसले.

२० फेब्रुवारी
वहिनींचा फोन. कागद वाचून दादा भरल्या पानावरून उठला. एवढंच म्हणाला म्हणे, ‘सगळंच?’ मग बाल्कनीत जाऊन बसला. वहिनी विचारत होत्या, भांडण एवढं वाढवायलाच हवं होतं का गं?
मी म्हटलं, दादालाच विचारा. खरं म्हणजे मला त्याचा फोन हवा होता. त्याने आरडाओरडा करावा, मीही करावा, आणि अर्ध्यावर यावं दोघांनी. लहानपणापासून आमचं असंच मिटत आलंय.

२७ फेब्रुवारी
लवादांच्या खोलीत दादा समोरच बसला होता. शर्टाला इस्त्री नाही, दाढी वाढलेली. लवादांनी विचारलं, बहिणीचा दावा मान्य आहे का? आमच्या बाई उलटतपासणीचे कागद लावून तयार होत्या. दादाने माझ्याकडे पाहिलं.
‘मान्य आहे. सगळं तिचंच. मी नुसता मागे उभा असायचो.’
बाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. जिंकले! मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जिन्यापर्यंत गेले, तोवर तो निघून गेला होता. थांबला असता तर काय बोलले असते, देव जाणे.

३ मार्च
कंपनीशी करार झाला. मालक मी एकटी. सिस्टीममध्ये दुसऱ्या कुणाचं काही नाही, निघालंच तर सगळी जबाबदारी माझी — हेही लिहून दिलं. एकदा खोटं लिहिलं की दुसऱ्यांदा पेन अडत नाही. त्यांचे खरेदीवाले साहेब म्हणाले, आता बघा, घरोघरी पोचेल तुमची सिस्टीम. आनंद व्हायला हवा होता.
आईने विचारलं, दादाला कळवलंस? म्हटलं, कळवीन.

४ मार्च
नाही कळवलं.

१७ मार्च
कंपनीने यंत्रात घालण्याआधी सगळं तपासून घेतलं. डिस्कचा भाग चोरीचा निघाला. दादा आधी जिथे नोकरीला होता, त्या कंपनीचा — जसाच्या तसा. ते दावा लावणार आहेत. माझ्या एकटीवर.
दादाला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाला,
‘विकू नको म्हणून किती वेळा सांगितलं तुला. पण तुला सगळंच हवं होतं.’
फोन त्यानेही ठेवला नाही, मीही नाही.