मीटर ज्याच्या हातात, तो पुढं

अप्पा, काल हिपरग्याच्या तळ्यावर जाऊन आलो. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि तेही आपणहून गेलो असं नाही. तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या नातीनं नेलं. कुणीतरी हौशी मंडळींनी तिथं पाणथळीची सहल ठेवली होती, लहानथोर सगळ्यांना झेपेल अशी. तळ्याच्या कडेला आता पाटी आहे, ‘कुटुंबासाठी सोयीची पायवाट’. ती वाचून मला हसू आलं, कारण आपण बेशरमाच्या झुडपांतून गुडघाभर चिखल तुडवत जायचो तेव्हा आपणही कुटुंबच होतो, फक्त पाटी नव्हती. बाकडी बसवली आहेत. बाकड्यांवर माणसं तळ्याकडे पाठ करून बसतात, म्हणजे फोटोत तळं येतं. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, “मग आलेत कशाला, घरी भिंतीवर लावायचं की तळं.” माझ्या जिभेचा तिखटपणा कुठून आला असं लोक विचारतात. मी पुस्तकांची नावं सांगतो. तुमचं नाव कधी सांगितलं नाही.

आपलं चादरीचं दुकान ज्या वारी बंद असायचं, त्या दिवशी सकाळीच आई धपाटे करायला बसायची. स्वयंपाकघरात तिळाचा आणि जळक्या तेलाचा वास, आणि तुम्ही दारात उभे राहून दर दोन मिनिटांनी “झालं का?” विचारायचा. हातात तो दुकानातला जुना लाकडी मीटर. त्याचं एक टोक झिजलं होतं, गिऱ्हाईकासमोर धरायची सोय राहिली नव्हती, म्हणून तुम्ही तो बढती दिल्यासारखा फिरायच्या कामाला घरी आणला होता. तुळजापूरच्या एस्टीनं हिपरग्याला उतरायचं आणि पाणी ओसरलेल्या काठानं चालायचं. एका बाजूला गाळपेरीतला कोवळा हरभरा, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये आपण चौघं एका ओळीत. ओळीचा नियम तुमचा. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढं, आणि मीटर त्याच्या हातात. म्हणजे कायम आई. तिचा डावा पाय जन्मापासून जरा आखूड. तिच्यामागं ताई, मग मी, आणि शेवटी डब्याची पिशवी खांद्याला लावून तुम्ही.

आई मीटर चिखलात खुपसते आणि मागं न बघता ओरडते, “गट्टी”. घट्ट आहे, या. कधी “मेत्तग”, म्हणजे मऊ आहे, वळसा घाला. घरात तिचा आवाज कधी मोठा व्हायचा नाही, मराठी बोलताना तर ती शब्द चाचपून बोलायची. पण तळ्याच्या काठावर तिच्या कन्नडात मामलेदाराचा रुबाब यायचा. तुम्ही मागून मुद्दाम विचारायचा, “नक्की का? मी पडलो तर?” ती म्हणायची, “पडा की. डबा तेवढा माझ्याकडं द्या अगोदर.” तुम्ही हसायचा ते मला ऐकू यायचं, दिसायचं नाही, कारण तुम्ही माझ्या मागं असायचा.

मग मी लेखक झालो. एका दिवाळी अंकानं माझा पहिला विनोदी लेख छापला, आपल्या याच फेरफटक्यांवर. त्यातलं एक वाक्य लोकांना इतकं आवडलं की अजून भेटणारे म्हणून दाखवतात. ‘चिखलाची खोली मोजायला आमच्या वडिलांकडे दोन साधनं होती, एक लाकडी मीटर आणि एक आई, दोन्ही एका टोकाला जरा आखूड.’ एका सभेत मी हे वाचलं तेव्हा पहिल्या रांगेतला एक गृहस्थ हसता हसता खुर्चीवरून घसरला होता. त्या घसरण्याचा अभिमान मी बरीच वर्षं बाळगला.

अंक घरी आला त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होता. आईची शाळा कन्नडातली, ती तुम्हाला म्हणाली, “वाचून दाखवा की, पोरानं काय लिहिलंय.” मी बाहेरच्या खोलीत, कान आत. तुम्ही एक वाक्य मराठीत वाचायचा, मग कन्नडात सांगायचा. आई हसत होती. एस्टीच्या कंडक्टरवर हसली, ताईच्या चपलेवर हसली. मग ते वाक्य आलं. मला माझा लेख पाठ होता, मी वाट बघत होतो. तुम्ही एक क्षण थांबलात, खोकलात, आणि पुढच्या परिच्छेदावर गेलात. आई म्हणाली, “थांबला का?” तुम्ही म्हणालात, “चष्मा.” जेवताना मला एवढंच म्हणालात, “चांगलं लिहिलायस. ती टिटवी नव्हती पण. शेकाट्या होता. तेवढं बघ.” संपादकांच्या सगळ्या पत्रांत मिळून मला इतकं सौम्य काही कुणी बोललेलं नाही, आणि इतकं लागलेलंही नाही.

तुम्ही वगळलंत, पण गल्ली कशाला वगळेल? दोन-चार दिवसांत नळावर शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, “काय वैनी, आज मीटर घरीच ठेवून आलात व्हय?” आईला आधी कळलं नाही, मग काकूंनी तिला नीट समजावून सांगितलं. पुढच्या सुट्टीला तुम्ही मीटर घेऊन दारात उभे राहिलात. आतून तव्याचा वास आला नाही. आई म्हणाली, “तुम्ही जावा. माझा पाय दुखायलाय.” तिचा पाय त्याआधी कधी दुखला नव्हता, निदान बोलून दाखवण्याइतका. तुम्ही दोनदा एकटे गेलात आणि दोन्ही वेळा जेवायच्या आत परत आलात. मग मीटर कपाटामागं गेला. मला कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, वय झालं असेल. तुमचं वय तेव्हा माझ्या आजच्या वयाहून कमी होतं.

काल माझा गुडघा निम्म्या वाटेतच कुरकुरायला लागला. पुढं सगळी मंडळी, त्यांत तुमची नात, पक्ष्यांची नावं सांगणाऱ्या पोरीच्या बरोबरीनं चाललेली. “बाबा, या की लवकर,” असं दोनदा मागं वळून म्हणाली, मग विसरली. मी मान वर केली तर तळं दिसेना. पाठीच पाठी. पिशव्या, टोप्या, पाठी. कुणीतरी “ते बघा, रोहित” म्हणालं, सगळे थांबले, आणि मी पोचेपर्यंत रोहितांचा थवा उडून गेला होता.

तिथं मला तो दिवस आठवला, जो मी कुठल्याच लेखात घातलेला नाही. मी दहा वर्षांचा. आई हळू चालते म्हणून कंटाळून मी ओळ मोडून पळालो, बांधावर चढलो आणि ओरडलो, “आई लई हळू चालती, आपण पुढं जाऊ की अप्पा.” तुम्ही रागावला नाहीत. मला बोलावून घेतलंत, सगळ्यांच्या मागं उभं केलंत, तुमच्याही मागं, आणि म्हणालात, “आज तू हितनं चाल.” परतीच्या एस्टीची वाट बघताना विचारलंत, “काय दिसलं रे?” मी म्हणालो, “काय न्हाय. तुमच्या पाठी.” तुम्ही हळूच म्हणालात, आईला ऐकू जाऊ नये असं, “तिला जन्मभर तेवढंच दिसलंय. शाळेत, जत्रेत, सगळीकडं. आपल्यासंगं तरी तिला पाणी दिसू दे.”

मुलाखतीत कुणी विचारलं की घरचे दुखावले नाहीत का, तर मी सांगत आलो, लहान होतो, त्या नियमामागचं काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं अप्पा. दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. लिहितानाही आठवलं होतं. पण वाक्य जमून आलं होतं.

आता माझ्या निवडक लेखांचं पुस्तक निघतंय. प्रकाशक म्हणतो, हा लेख पहिला हवा. तपासायला आलेली मुद्रितं टेबलावर पडली आहेत. आई आतल्या खोलीत आहे, तिला आता कमी दिसतं, पण ऐकू चांगलं येतं. काल घरी आल्यावर विचारलं तिनं, “पाणी कुठपर्यंत हाय?” मी म्हणालो, पुष्कळ आहे. चल म्हणणं तोंडातच राहिलं. तुमच्या नातीनं तिला कबूल केलंय, “आजी, पुस्तक आलं की पहिला लेख मी वाचून दाखवणार.” ती पोरगी सरळ वाचते. खोकायचं कुठं, ते तिला ठाऊक नाही.

म्हणून सकाळी ते वाक्य खोडलं. खोडल्यावर लेख परत वाचला, तर तिथं खड्डा पडल्यासारखा वाटतो. त्या संध्याकाळी आईला वाचून दाखवताना तुम्हालाही तो जाणवला असणार, तरी तुम्ही पुढं गेलात. हे पत्र मी मुद्रितांच्या खालीच ठेवतोय, दुसरीकडं कुठं धाडणार? मुद्रितं उद्या परत द्यायची आहेत. वाक्य खोडलंय, अप्पा, पण पेन्सिलीनं.