इनांगचा अर्धा दाणा

पिला, १३ जानेवारी

चि. आमिहान हिस,
आशीर्वाद आहेतच, पण राग आधी वाच.

रविवार, १२ जानेवारी, सकाळी साडेसात. मी चर्चमध्ये मिस्साला गुडघे टेकून होते, तेव्हा तू, माझी सख्खी भाची, माझ्या स्वयंपाकघरातून इनांगच्या, माझ्या आईच्या, भाताच्या दाण्यांचा डबा नेलास. तुझ्या अंतराळशेतीच्या प्रयोगशाळेला तो देणार नाही, हे मी नाताळातच सांगितलं होतं. न विचारता घेणं म्हणजे चोरी, असं शाळेत सिस्टर शिकवायच्या. नकार ऐकूनही घेण्याला त्यांच्याकडे शब्दच नव्हता.

शेतावर घरं झाली. माझ्या आईचं म्हणून एवढं चिकट भातच उरलं होतं. दर उंदासला, मृतांच्या सणाला, मूठभर कांडून, केळीच्या पानात सुमान बांधून मी तिच्या कबरीवर ठेवते. आता काय ठेवू, तुझी पदवी? अंतराळवीरांना त्यांच्या आयांनी डबे द्यावेत.

खोकला गेला का? आलं उकळून पी.
अजूनही तुझीच,
तीता पुरिंग

लोस बान्योस, २० ऑक्टोबर

ती. तीता पुरिंग यांस,
नमस्कार म्हणून तुमचा हात कपाळाला लावते. मागे घेऊ नका.

तीता, डब्यात दोन-तीन उंदासपुरतंच भात होतं. आजीला तुम्ही तिचंच बियाणं शिजवून घालत होतात. जुनं झालेलं, निम्मंही उगवलं नाही. जे उगवलं, त्याचं उंचीचं जनुक आम्ही बदललं. पुरुषभर वाढणारं भात आता वीतभर झालंय, अवकाशस्थानकातल्या कपाटात मावेल एवढं. वास मात्र तोच. तो सुटला तेव्हा मी बाहेर जाऊन रडले, आणि साहेब विचारत होते, खाऊ कोणी आणलाय.

तपासणीसाठी आम्ही दाणा अर्धा कापतो. अंकुराची बाजू पेरतो. तिचं पीक वर जाईल. न उगवणारी अर्धुकं तपासून उरतात. साहेबांना विचारून (हो, विचारून!) आगपेटीभर पाठवतेय.

माया आटू देऊ नका.
तुमची चोर,
आमिहान

पिला, ३ नोव्हेंबर

चि. आमिहान हिस,
अनेक आशीर्वाद.

सुमान अंगठ्याएवढा झाला. वास इनांगचाच. कबरीपाशी तुझं नाव घेतलं, चोर म्हणून नव्हे.

आता मुद्दा. आपल्यात पहिला घास गेलेल्यांचा. वर हे भात पिकेल तेव्हा इनांगचा घास आधी काढतील, असं तुझ्या अंतराळवाल्यांकडून मला लेखी हवं. तिथे घास तरंगतो, ही सबब चालणार नाही. तांदूळ चिकट आहे. ताटलीला चिकटवा म्हणावं.

उत्तर रविवार, ३० नोव्हेंबरला, मिस्सा सुटायच्या आत माझ्या स्वयंपाकघरात पडावं. तूच घेऊन ये. दार उघडंच असेल.

तुझी,
तीता पुरिंग